एकाच सर्व्हरवर सगळ्यांचे व्हीएम, पण कुणाचं कुणाला दिसायला नको: प्रायव्हेट व्हीलॅन कसं लावायचं

सांगली, मिरज, कुपवाड भागात हा धंदा आता बरेच जण करतात. एक दणकट सर्व्हर घ्यायचा, दोन इंटरनेट लाइन घ्यायच्या आणि मार्केट यार्डातल्या अडत्यांची टॅली, सीएंची ऑफिसं, मिरजेतल्या लॅबचं बिलिंग असं सगळं व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारं आभासी मशीन) करून त्यावर चालवून द्यायचं. धंदा चांगलाय, पण नव्वद टक्के ठिकाणी मी काय बघतो तर सगळ्या व्हीएम एकाच ब्रिजवर (सर्व्हरच्या आतला आभासी स्विच), एकाच सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांचा एक गट), आणि टॅलीचा डेटा फोल्डर एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन शेअर केलेला. म्हणजे एका हळदवाल्या अडत्यानं त्याच्या व्हीएममध्ये नुसतं नेटवर्कवर क्लिक केलं तरी समोरच्या गाळेवाल्याच्या मशीनचं नाव दिसतं, आणि नशीब खराब असलं तर त्याचं लेजर पण उघडतं. कुठल्या पार्टीला काय भाव दिला ते तिथं लिहिलेलं असतंय राव, ही काय साधी गोष्ट नाही. शिवाय २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आला तो असाच पसरला, ४४५ पोर्टवरनं शेजारच्या मशीनमध्ये उडी मारत मारत. एका गिऱ्हाइकानं चुकीची अटॅचमेंट उघडली की बाकीच्या सगळ्यांची वाट.

यावर पहिला सल्ला सगळे देतात की प्रत्येकाला वेगळं व्हीलॅन (एकाच स्विचवर तोडलेलं स्वतंत्र नेटवर्क) द्या. बरोबर आहे, दोन-चार गिऱ्हाइकं असतील तर तेच करा आणि पुढचं वाचू पण नका. पण संख्या वाढली की प्रत्येक व्हीलॅनला वेगळं सबनेट, वेगळा गेटवे (बाहेर जायचा राउटर), वेगळा डीएचसीपी स्कोप (आपोआप वाटायच्या आयपींची यादी), वेगळे फायरवॉल नियम, आणि पब्लिक आयपी देत असाल तर खर्चच निघत नाही. हिशोब बघा, प्रत्येकाला स्लॅश ३० दिला तर ४ पत्ते जातात, त्यातला नेटवर्कचा एक, ब्रॉडकास्टचा एक, गेटवेचा एक, गिऱ्हाइकाच्या हातात एकच. स्लॅश २८ चे १६ पत्ते असे तोडले तर चारच गिऱ्हाइकं बसली. तेच १६ एका सबनेटमध्ये ठेवले तर नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि गेटवे सोडून १३ जण बसतात. हे १३ जण एकाच सबनेटमध्ये राहून एकमेकांना दिसू नयेत, ह्यासाठी प्रायव्हेट व्हीलॅन.

दुसरा सल्ला असतो विंडोजचा फायरवॉल लावा म्हणून. गिऱ्हाइकाकडे अॅडमिनचा पासवर्ड असतो हो. प्रिंटर चालत नाही म्हटलं की पहिलं काम तो फायरवॉल बंद करण्याचं करतो. आयसोलेशन त्याच्या हाताबाहेर, म्हणजे व्हीएमच्या बाहेर पाहिजे.

आधी हे डोक्यात बसवा

ही आयडिया मूळ सिस्कोची, नंतर २०१० च्या फेब्रुवारीत आरएफसी ५५१७ (इंटरनेटवाल्यांचा तांत्रिक दस्तऐवज) म्हणून लिहून आली. एक प्रायमरी व्हीलॅन असतं, आणि त्याच्या पोटात सेकंडरी. सेकंडरी दोन प्रकारचे. आयसोलेटेड, म्हणजे त्यातले पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त गेटवेशी. आणि कम्युनिटी, म्हणजे त्या गटातले आपापसात बोलतात आणि गेटवेशी पण, दुसऱ्या गटाशी नाही. एका प्रायमरीखाली आयसोलेटेड एकच असतं, कम्युनिटी हवे तेवढे. गेटवे ज्या पोर्टला लावायचा तो प्रॉमिस्क्युअस पोर्ट, तो सगळ्यांशी बोलतो. यार्डातल्या गाळ्यांसारखं समजा, गाळे शेजारी शेजारी पण मधल्या भिंतीला दार नाही, जायचं यायचं ते पुढच्या रस्त्यावरनंच.

मी सगळीकडे हेच नंबर वापरतो आणि खाली पण तेच धरतोय: प्रायमरी १००, आयसोलेटेड १०१, कम्युनिटी १०२. सबनेट १९२.१६८.५०.०, गेटवे शेवटी .१, डीएचसीपीचा सर्व्हर .५, आणि अडत्यांच्या व्हीएम .२१ पासून पुढं. अडत्यांची एकेकच व्हीएम असते त्यामुळं ते सगळे १०१ मध्ये. सीएच्या ऑफिसच्या तीन व्हीएम आहेत, त्यांना एकमेकींशी बोलायला लागतं, म्हणून त्या १०२ मध्ये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बरेच व्हिडिओवाले सांगतच नाहीत. प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये जाताना आणि येताना टॅग, म्हणजे फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) लिहिलेला व्हीलॅनचा नंबर, वेगळा असतो. अडत्याच्या व्हीएममधनं निघालेली फ्रेम केबलवर १०१ चा टॅग घेऊन जाते. गेटवेचं उत्तर येतं ते १०० चा टॅग घेऊन. आता मधला फिजिकल स्विच ह्यातलं काही कळणारा नसेल तर काय होईल? त्यानं व्हीएमचा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) १०१ च्या टेबलात लिहिला, उत्तर आलं १०० मध्ये, १०० च्या टेबलात तो मॅक नाहीच, मग तो फ्रेम सगळीकडे उधळतो. आणि गेटवेचा पोर्ट नुसता १०० चा अॅक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचा) असेल तर १०१ ची फ्रेम तिथपर्यंत पोचतच नाही. हे समजलं की पुढं जे काय बिघडतं त्यातलं अर्धं आपोआप सुटतं, कारण बिघाड बहुतेक वेळा एवढाच असतो की एका दिशेचा टॅग कुठंतरी अडलाय.

फिजिकल स्विच

पहिलं मॉडेल तपासा. सिस्कोचा २९६० सेकंडहँड स्वस्तात मिळतो म्हणून सगळे घेतात, पण त्यात पूर्ण प्रायव्हेट व्हीलॅन नाही, फक्त प्रोटेक्टेड पोर्ट आहे (त्याचा पण उपयोग आहे, खाली सांगतो). ३५६० आणि ३७५० मालिकेत आहे. दुसऱ्या कंपनीचा असेल तर डेटाशीटमध्ये नाव शोधा. काही ठिकाणी पोर्ट आयसोलेशन लिहिलेलं असतं, ते हे नव्हे.

कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजीतच करायच्या. व्हीटीपीचं (सिस्कोचे स्विच व्हीलॅनची यादी आपापसात वाटतात ती सोय) जुनं व्हर्जन, १ किंवा २ असेल तर आधी ट्रान्सपरंट करून घ्या, नाहीतर स्विच प्रायव्हेट व्हीलॅन बनवूच देत नाही.

व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट
व्हीलॅन १०१
प्रायव्हेट-व्हीलॅन आयसोलेटेड
व्हीलॅन १०२
प्रायव्हेट-व्हीलॅन कम्युनिटी
व्हीलॅन १००
प्रायव्हेट-व्हीलॅन प्रायमरी
प्रायव्हेट-व्हीलॅन असोसिएशन १०१,१०२

मग गेटवेच्या पोर्टवर:

स्विचपोर्ट मोड प्रायव्हेट-व्हीलॅन प्रॉमिस्क्युअस
स्विचपोर्ट प्रायव्हेट-व्हीलॅन मॅपिंग १०० १०१,१०२

सर्व्हरकडं जाणारे पोर्ट मात्र साधे ट्रंक (बरीच व्हीलॅन एकाच केबलवरनं नेणारे) ठेवायचे आणि त्यावर १००, १०१, १०२ तिन्ही अलाउड पाहिजेत. इथंच लोक घोळ घालतात, फक्त १०० अलाउड करतात. सर्व्हरच्या पोर्टला होस्ट मोड लावायचा नाही, तो मोड एखादं फिजिकल मशीन थेट स्विचला लावलं असेल त्याच्यासाठी. डीएचसीपीचा सर्व्हर वेगळं मशीन असेल तर त्याचा पोर्ट पण प्रॉमिस्क्युअसच.

गेटवे स्विचवरच असेल तर इंटरफेस व्हीलॅन १०० वर आयपी द्या आणि तिथंच प्रायव्हेट-व्हीलॅन मॅपिंग १०१,१०२ टाका. १०१ ला आणि १०२ ला वेगळा इंटरफेस करायचा नाही. फायरवॉल वेगळा असेल आणि त्याला आधीच दुसरी चार व्हीलॅन घेऊन एक ट्रंक जात असेल, तर ह्या कामासाठी वेगळी केबल आणि वेगळा पोर्ट घ्या. प्रॉमिस्क्युअस ट्रंक प्रकार असतो पण तो मोजक्याच मॉडेलमध्ये, त्यात रात्र घालवण्यापेक्षा दोन मीटर केबल स्वस्त.

झालं की शो व्हीलॅन प्रायव्हेट-व्हीलॅन मारून बघा. प्रायमरी, सेकंडरी, टाइप आणि पोर्ट असं टेबल येतं. टाइपच्या जागी नॉन-ऑपरेशनल दिसलं तर प्रत्येक व्हीलॅनचा प्रकार आणि असोसिएशनची ओळ परत तपासा.

व्हीएमवेअरवर

व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स ही व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअरं, म्हणजे हायपरव्हायझर. व्हीएमवेअरच्या आतल्या स्टँडर्ड स्विचवर हे होत नाही, डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. ब्रॉडकॉमनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सचा विषय निघाला की गिऱ्हाईक आपल्याकडंच रागानं बघतंय, पण ज्यांच्याकडं आहे त्यांना काम सोपं आहे. नेटवर्किंगमध्ये डिस्ट्रिब्युटेड स्विच निवडा, कॉन्फिगर, मग प्रायव्हेट व्हीलॅन, एडिट. डावीकडं प्रायमरी १०० टाकला की उजवीकडं १०० प्रॉमिस्क्युअस आपोआप येतं, त्याखाली १०१ आयसोलेटेड, १०२ कम्युनिटी अॅड करा. मग दोन पोर्ट ग्रुप बनवा, व्हीलॅन टाइपमध्ये प्रायव्हेट व्हीलॅन निवडा आणि एकाला आयसोलेटेड, एकाला कम्युनिटी द्या. अपलिंकचा ग्रुप ट्रंकच राहू दे.

पोर्ट ग्रुपच्या सिक्युरिटीत प्रॉमिस्क्युअस मोड, मॅक चेंजेस, फोर्ज्ड ट्रान्समिट्स असे तीन पर्याय दिसतील, तिन्ही रिजेक्ट. गेटवेची व्हीएम १०० वर ठेवली म्हणून तिथला प्रॉमिस्क्युअस मोड चालू करणारे मी बघितलेत. त्याचा ह्या पोर्टच्या प्रकाराशी काही संबंध नाही, तो चालू केला की त्या व्हीएमला आजूबाजूचं ट्रॅफिक ऐकू यायला लागतं, म्हणजे आपण जे बंद करायला निघालो तेच उघडलं.

हायपर-व्ही वाल्यांना विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे, पॉवरशेलमध्ये सेट-व्हीएमनेटवर्कअॅडॅप्टरव्हीलॅन ह्या कमांडला आयसोलेटेड, प्रायमरी आयडी आणि सेकंडरी आयडी दिला की झालं. फिजिकल स्विचचं वर सांगितलेलं सगळं तिथं पण लागू.

प्रॉक्समॉक्सवर

आपल्याकडं हेच जास्त चालतं, आणि इथं जरा लक्ष द्या, कारण लिनक्सच्या साध्या ब्रिजमध्ये खरं प्रायव्हेट व्हीलॅन नाही. त्याच्या जवळची सोय आहे, पोर्टला आयसोलेटेड फ्लॅग लावायचा. कर्नल ४.१८ पासून आली ती. दोन आयसोलेटेड पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत, आयसोलेटेड नसलेल्याशी बोलतात, एवढंच. १२१ नंबरच्या व्हीएमसाठी कमांड अशी (टॅप म्हणजे त्या व्हीएमचं ब्रिजकडचं टोक):

ब्रिज लिंक सेट डेव्ह टॅप१२१आय० आयसोलेटेड ऑन

पण त्या व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर प्रॉक्समॉक्सचा फायरवॉल टिक केलेला असेल तर टॅप थेट मुख्य ब्रिजला लागलेलाच नसतो, मध्ये एक छोटा ब्रिज येतो आणि मुख्य ब्रिजला जो पोर्ट दिसतो त्याचं नाव एफडब्ल्यूपीआर१२१पी० असं असतं. फ्लॅग त्याला लावायचा. टॅपला लावून बसलात तर एरर येणार नाही, सगळं छान वाटेल आणि आयसोलेशन शून्य. शिवाय व्हीएम बंद करून चालू केली की हा इंटरफेस नवीन बनतो आणि फ्लॅग जातो, म्हणून हूकस्क्रिप्टमध्ये (व्हीएम चालू-बंद होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) पोस्ट-स्टार्टला ही ओळ टाका. नवीन व्हर्जनमध्ये एसडीएनच्या व्हीनेटला (प्रॉक्समॉक्समधलं आभासी नेटवर्क) आयसोलेट पोर्ट्स म्हणून टिक आलंय, ते असेल तर स्क्रिप्टच्या भानगडीत पडू नका.

आता गोची. हा फ्लॅग त्या एका नोडपुरताच, म्हणजे एका सर्व्हरपुरताच. नोड एकवरची फ्रेम फिजिकल कार्डातनं बाहेर पडली, स्विचवरनं नोड दोनच्या कार्डात शिरली, तिथं ते कार्ड आयसोलेटेड नाही, मग ती दुसऱ्या अडत्याच्या व्हीएमपर्यंत खुशाल जाते. एका नोडवर टेस्ट करून गिऱ्हाइकाला ओके सांगितलं आणि नंतर दुसरा नोड जोडला, की भिंत गायब. इथं तो २९६० चा प्रोटेक्टेड पोर्ट कामाला येतो. दोन्ही नोडचे व्हीएमवाले पोर्ट स्विचपोर्ट प्रोटेक्टेड करा, गेटवेचा पोर्ट साधा ठेवा. प्रोटेक्टेडमधनं प्रोटेक्टेडमध्ये फ्रेम जात नाही, झालं काम, महागाचा स्विच न घेता. अटी दोन: सगळे नोड एकाच स्विचवर पाहिजेत, कारण प्रोटेक्टेड पण त्या स्विचपुरतंच असतं, आणि क्लस्टर, मायग्रेशन, स्टोरेज हे सगळं वेगळ्या कार्डावर वेगळ्या पोर्टला पाहिजे, नाहीतर नोडच एकमेकांना दिसणार नाहीत. सीएच्या तीन व्हीएम असतील तर त्यांना सरळ वेगळं व्हीलॅन आणि वेगळी केबल द्या, कारण फ्लॅग लावला तर त्या एकमेकींशी बोलत नाहीत आणि नाही लावला तर अडत्यांना पण दिसतात.

गेटवेवरनं वळसा

इथपर्यंत सगळं लावलं, पिंग बंद झालं, लोक घरी जातात. आणि खरं भोक इथंच राहतं. स्विच फक्त मॅक बघतो. अडत्या क्रमांक एकच्या व्हीएमनं फ्रेम गेटवेच्या मॅकला पाठवली, पण आतल्या पॅकेटवर पत्ता लिहिला .२२ चा, तर स्विचच्या दृष्टीनं ती गेटवेकडं चाललीय, जाऊ दे. गेटवे राउटर आहे, त्याचं कामच पॅकेट पुढं ढकलणं, तो ते .२२ ला नेऊन देतो, आणि प्रॉमिस्क्युअस पोर्टवरनं आलेलं सगळ्यांना चालतं. आरएफसीत पण ह्यावर गेटवेला अॅक्सेस लिस्ट (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला नाही ह्या नियमांची यादी) लावायला लागते हे गृहीतच आहे, आपण वाचत नाही तो भाग वेगळा.

स्वतः करून बघा. .२१ च्या विंडोजमध्ये अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर:

राउट अॅड १९२.१६८.५०.२२ मास्क २५५.२५५.२५५.२५५ १९२.१६८.५०.१

आणि .२२ ला पिंग करा. उत्तर आलं नाही म्हणून खूश होऊ नका, कारण .२२ उत्तर द्यायला .२१ चा मॅक शोधतो आणि तो त्याला सापडत नाही. .२२ वर वायरशार्क (नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बघा, तिथं पिंगची रिक्वेस्ट येऊन पडलेली दिसली तर भोक उघडं आहे. असाच राउट उलट्या दिशेनं .२२ वर पण टाकला की दोन्ही बाजूनं मजेत बोलणं सुरू.

बंद करायला सिस्कोवर इंटरफेस व्हीलॅन १०० ला इन दिशेनं अॅक्सेस लिस्ट. पहिली ओळ, सबनेटकडनं गेटवे .१ ला परमिट. दुसरी, त्याच सबनेटकडनं त्याच सबनेटला डिनाय. तिसरी, बाकी सगळं परमिट. क्रम चुकवू नका, पहिली ओळ राहिली तर गेटवेला होणारं पिंग आणि त्यावरचं डीएनएस पण बंद पडतं. डीएचसीपीची पहिली मागणी २५५.२५५.२५५.२५५ ला जाते, ती तिसऱ्या ओळीतनं निघून जाते. मायक्रोटिक असेल तर फॉरवर्ड चेनमध्ये सोर्स आणि डेस्टिनेशन दोन्हीकडं १९२.१६८.५०.० स्लॅश २४ आणि ड्रॉप, नियम यादीत वर. लोकल प्रॉक्सी एआरपी (एआरपी म्हणजे आयपीवरनं मॅक विचारणं) चालू नाही ना हे पण बघून घ्या, ते चालू असलं तर गेटवे स्वतःहून सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देऊन गाठ घालून देतो. आयपीव्ही६ वापरत नसाल तर इंटरफेसवर बंद करा, वापरत असाल तर तीच अॅक्सेस लिस्ट त्याच्यासाठी वेगळी लिहायला लागते, व्ही४ ची त्याला लागत नाही.

आणखी एक वळसा पब्लिक आयपीवरनं असतो. .२२ चा रिमोट डेस्कटॉप पोर्ट फॉरवर्ड करून बाहेर उघडला असेल आणि हेअरपिन नॅट (आतल्याला बाहेरच्या पत्त्यावरनं परत आत येऊ देणारी सोय) चालू असेल, तर .२१ वाला बाहेरचा पत्ता टाकून आत येतो. मुळात रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवायचाच नाही, व्हीपीएन द्या. अडत्याला व्हीपीएनचा आयकॉन डबल क्लिक करायला शिकवायला एक चहा लागतो, जास्त नाही.

आणि स्पूफिंग. आयसोलेटेड व्हीएम शेजाऱ्याला फसवू शकत नाही पण गेटवेला फसवू शकते, .२१ वाला गेटवेला सांगू शकतो की .२२ मीच. मग .२२ चं येणारं ट्रॅफिक ह्याच्याकडं. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (खोटे पत्ते सांगणाऱ्याला अडवणाऱ्या सोयी) असेल तर लावा, प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलमध्ये आयपी फिल्टर आहे तो लावा, काहीच नसेल तर गेटवेवर प्रत्येक व्हीएमचा एआरपी स्टॅटिक करून टाका. पंचवीस-तीस ओळीच होतात.

प्रॉमिस्क्युअस बाजूला काय ठेवायचं ह्यात कंजूसपणा करा. बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) तिथं ठेवला तर तो सगळ्यांना दिसतो, आणि रॅन्समवेअरला तेवढंच पाहिजे असतं. बॅकअप हायपरव्हायझरकडनं घ्या, त्याला व्हीएमच्या नेटवर्कची गरजच नाही.

२०१९ च्या महापुरानंतर बऱ्याच जणांनी एक नोड साताऱ्याला किंवा पुण्याला ठेवलाय. तिकडं हेच १०० आणि १०१ ताणत नेऊ नका. मधल्या लिंकवाल्याच्या स्विचला ह्या जोडीचा पत्ता नसतो, तो वर सांगितल्यासारखं उत्तराचं ट्रॅफिक उधळत बसणार, आणि त्या लिंकचे पैसे तुम्ही भरताय. तिकडं वेगळं सबनेट, वेगळी प्रायव्हेट व्हीलॅनची जोडी, मध्ये राउटिंग.

टेस्ट करताना दोन व्हीएम एका होस्टवर, मग एक दुसऱ्या होस्टवर हलवून, असं दोन्ही वेळा बघा. आधी एआरपी -डी स्टार मारून जुनी नोंद पुसा, मग शेजाऱ्याला पिंग. स्वतःच्याच आयपीकडनं डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल आलं आणि एआरपी -ए मध्ये शेजाऱ्याचा मॅक नाही, म्हणजे थेट रस्ता बंद. मग वरची राउट अॅडवाली टेस्ट. व्हीएमला आयपीच मिळत नसेल तर ट्रंकवर १०१ राहिलंय किंवा डीएचसीपी चुकीच्या पोर्टवर आहे. एका होस्टवर चालतंय आणि हलवल्यावर बंद पडतंय, तर दुसऱ्या होस्टच्या ट्रंकची अलाउड लिस्ट बघा. टेस्टचे राउट नंतर राउट डिलीट करून काढायला विसरू नका, आणि ही सगळी टेस्ट गिऱ्हाइकाच्या व्हीएमवर नाही, स्वतःच्या दोन रिकाम्या व्हीएम बनवून करा, त्या तशाच ठेवून द्या, फर्मवेअर अपडेट झालं की परत लागतात.